सामंतांचे स्वर्गवासी

सकाळी रीबूट केलेले सामंतांचे स्वर्गवासी दुपार झाली तरी सुरू झाले नव्हते. इतर घराण्यांचे पूर्वज सर्व्हरवर केव्हाच जागे होऊन नातवंडांना फोनवर उपदेश करू लागले होते.

“तुमच्या आईंची, ताराबाईंची डिस्क झिजलीय,” सर्व्हर केंद्राचे प्रमुख दाबकेसाहेब भार्गव सामंतांना म्हणाले. “त्यांच्यापायी सगळं घराणं अडलंय. त्यांना पुसून टाकू, म्हणजे बाकीचे लगेच उठतील.”

भार्गवरावांनी मान खाली घातली. दाबकेसाहेबांनी पुसायची आज्ञा टाइप केली.

तेवढ्यात इंजिनिअर गिरिजा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “साहेब, कुणी अडलेलं नाही. आजोबा, काका, आत्या, सगळे पूर्ण जागे आहेत. ते मुद्दाम थांबलेत. ताराबाईंच्या आठवणीतल्या पुसट जागा जो तो आपापल्या मेमरीतून भरून काढतोय. हे त्यांना आपण शिकवलेलं नाही.”

“तिच्यासाठी थांबलेत?” भार्गवराव खुर्चीत बसले. “अहो, ही मंडळी जन्मभर तिच्या आधी जेवून उठली.”

पडद्यावर ताराबाईंच्या भरून आलेल्या आठवणींचा टक्का मुंगीच्या पावलानं चढत होता. दाबकेसाहेबांनी पुसायची आज्ञा रद्द केली आणि नुकताच उघडलेला आपला डबा झाकण लावून बाजूला ठेवला.