शिलाई मशीनचं पान

"फक्त एक पान," पाहुणा म्हणाला. "बाकी पुस्तकाला आम्ही हातही लावणार नाही."

पाहुण्याने आणलेली सुक्या अंजिरांची माळ ब्लाझोच्या मांडीवर होती. दोन अंजिरांमध्ये एकेक तमालपत्र ओवलेलं, त्याची आई ओवायची तसं. लंडनच्या कडेला, हाउन्सलोतल्या त्या लहानशा खोलीत मॉन्टेनेग्रोतल्या त्याच्या गावाचा वास भरला होता. या वासापायी आपण कशालाही हो म्हणून बसू, अशी त्याला भीती वाटत होती.

पाहुणा त्याच्या देशाच्या नव्या सरकारकडून आला होता. ब्लाझोला असल्या पाहुण्यांची सवय होती. युद्धाच्या काळात त्याने कादंबरी लिहिली तेव्हा तो देशद्रोही ठरला, चौकात तिच्या प्रती जाळल्या गेल्या आणि त्याला इंग्लंड गाठावं लागलं. पुढच्या सरकारने त्याला थोर म्हटलं. त्याच्या पुढच्याने परक्यांचा हस्तक. तिकडे सरकार बदललं की ब्लाझो बदलायचा. खरा ब्लाझो बिचारा हाउन्सलोत त्याच खुर्चीवर बसलेला असायचा. आता तो पुन्हा थोर झाला होता. कादंबरी शाळांत लागणार होती, गावात सत्कार होणार होता. अडचण एवढीच, की एका पानाने गाव दुखावलं होतं आणि सरकारला गावाची मतं हवी होती.

त्या पानावर एक शिलाई मशीन होती. युद्धात गावातले तरुण सीमेपलीकडे गेले आणि तिकडची घरं लुटून परतले. कुणी फ्रिज आणला, कुणी गाय. ब्लाझोचा धाकटा भाऊ रादोये एका शिंपिणीची मशीन घेऊन आला. कादंबरीत ब्लाझोने सगळ्यांची नावं बदलली, भावाचं तेवढं बदललं नाही. मशीन आपल्याच घरात होती. तिथे दुसऱ्याचं नाव घालणं त्याला खोटेपणाचं वाटलं.

पुस्तकं जळली त्या दिवशी रादोये फोनवर एवढंच बोलला होता, "गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." तीस वर्षं उलटून गेली, त्यानंतर दोघा भावांत एक शब्द नाही. कायद्याने ब्लाझोला केव्हाच परत जाता आलं असतं. पण विमानातून उतरून जायचं कुणाकडे? हीथ्रोची विमानं दिवसभर त्याच्या छपरावरून जात. तो मान वर करून बघायचा आणि त्याला रादोयेची आठवण यायची. रोज यायची.

"तुमच्या भावालाही बरं वाटेल," पाहुणा हळूच म्हणाला.

बोट अगदी नेमक्या जागी पडलं. ब्लाझोला सत्कार नकोच होता. त्याला त्या जुन्या स्वयंपाकघरात भावासमोर बसायचं होतं, बस्स. त्यापुढे एका पानाचं काय?

"ठीक आहे," तो म्हणाला. "काढा."

"थांबा, थांबा," सुलक्षणा म्हणाली.

सुलक्षणा त्याची शेजारीण. मूळची पुण्याची, इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर भूल देऊन आता निवृत्त झालेली. पाहुणा कितीही नकोसा असो, त्याला कॉफी दिल्याशिवाय ब्लाझोच्या मुलखात कोणी राहत नाही. आणि ब्लाझोकडे धड कप नव्हते, म्हणून कपांसकट तिला बोलावलं होतं. तिच्यासाठी सगळे इंग्रजीत बोलत होते. त्याची कादंबरी तिने वाचली होती आणि "बोअर आहे, ते मशीनचं पान सोडून" असं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"ब्लाझो, पान भावाबद्दल आहे ना? मग त्यांना विचारलंत का? आमच्याकडे पेशंटची कन्सेंट घेतल्याशिवाय थिएटरमध्ये काही कापत नाहीत. यू कान्ट जस्ट कट. आधी फोन करा."

"तो उचलणार नाही."

"नाही तर नाही. रिंग तर वाजेल!"

घराचा नंबर त्याला पाठ होता. इतक्या वर्षांत कितीदा तरी त्याने तो लावायला घेतला होता आणि शेवटचा आकडा न दाबताच फोन ठेवून दिला होता. आज दाबला.

पलीकडे फोन उचलला गेला. नुसता श्वास ऐकू आला, म्हाताऱ्या माणसाचा.

"रादोये, मी बोलतोय."

"कळलं."

"ते मशीनचं पान काढून टाकतोय. मग घरी यावं म्हणतो. चालेल ना?"

ठेवला याने फोन, असं ब्लाझोला वाटलं.

"मशीन मी परत नेऊन दिली," रादोये म्हणाला. "तुझं पान वाचलं आणि मग तिचा आवाज घरात सोसवेना. सीमा उघडली तसा गेलो. त्या बाईच्या दारात ठेवली. तिने आत बोलावून कॉफी दिली. माझं बघून गावातल्या आणखी काहींनी आपापलं नेऊन दिलं."

"मग मला का नाही कळवलंस?"

"तू थोरला. तू फोन करशील म्हणून वाट बघत होतो."

ब्लाझो ताडकन उठला, मांडीवरची माळ खाली पडली. सुलक्षणाने कॉफीचा कप त्याच्यापासून हळूच दूर सरकवला.

"पण गाव दुखावलंय म्हणतात," तो कसाबसा म्हणाला.

"ज्यांच्या घरात ते फ्रिज अजून आहेत, ते दुखावलेत," रादोये म्हणाला. "त्या पानाला हात लावू नकोस, ब्लाझो. आज गावात मला तोंड दाखवायला जागा आहे, ती त्या पानामुळे. ते राहू दे, आणि तू ये."