वैऱ्याची ऊब

सकाळपासून अंड्याचे ठोके मंदावत चालले होते. अल्फियाने स्टेथोस्कोप पुन्हा लावला आणि मान हलवली.

"कूलिंग आणखी वाढवू का, ताई?" धनंजयने विचारलं.

"वाढवून बघ."

ओमानमधल्या सूर गावाच्या किनाऱ्यावरच्या त्या वसाहतीत दापोलीची अल्फिया नर्स होती आणि चिपळूणचा धनंजय एसी सांभाळायचा. गच्च भरलेल्या आकाशात कुठेच जागा न मिळालेल्या दोन परग्रही जातींना ओमानने इथे आसरा दिला होता. त्यांची खरी नावं माणसाच्या जिभेला जमत नसत. कोकणातल्या कामगारांनी आपली ठेवली: गारवे आणि निखारे.

गारवे उंच, चंदेरी, ओलसर कातडीचे. ते बर्फाच्या हॉलमध्ये राहायचे. निखारे बुटके, सहा पायांचे, तांबूस खवल्यांचे. त्यांच्याजवळ नुसतं उभं राहिलं तरी घाम फुटायचा. एकाच ग्रहावर हजारो वर्षं दोघे लढत आले आणि शेवटी तो ग्रहच उरला नाही. म्हणून इथे मध्ये भिंत होती.

अंड्यावर वाकलेली गारवी गळ्यातल्या भाषांतराच्या यंत्रातून बोलली, "बारा वर्षं गारठ्यात जपलं. आता थांबतंय."

"आमच्याकडे अंड्याला ऊब देतात," अल्फिया म्हणाली.

"ऊब लागली की अंडं मरतं. आमच्या आया अशी थांबत चाललेली अंडी तापल्या वाळूत टाकून यायच्या."

"आणि हे आत्ता काय चाललंय?"

गारवीने अंड्यावरून हात फिरवला.

"हीटर आणू?" धनंजय म्हणाला.

"कवच तडकेल. अंगाची ऊब हवी." अल्फियाने भिंतीकडे पाहिलं.

"ताई, नको! वसाहतीचा मुदीर आपल्या दोघांनाही नोकरीवरून काढून घरी पाठवेल."

"पाठवू दे. यल्ला, चल, फाटक उघड."

पलीकडे सगळ्यांत म्हातारा निखारा उन्हात बसला होता. अल्फियाने सांगितलेलं सगळं त्याने ऐकून घेतलं.

"अंडं कसं धरतात, मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "आमच्यात अंडी कुणी घालत नाही, पिल्लं तापल्या वाळूतून आपोआप वर येतात. सूर्य देतो, आम्ही उचलतो."

"नुसतं जवळ घेऊन बसा, बाबा."

तो आला. बर्फावर त्याचे पाय चुरचुरले, वाफ उठली. गारवे मागे सरत भिंतीला चिकटले. गारवीने अंडं पुढे केलं. धनंजयने नकळत हात जोडले.

दोन दिवस म्हातारा हलला नाही. थंडीने त्याचे खवले काळवंडले. समोर बसलेल्या गारवीची कातडी उष्णतेने सोलवटली, पण तीही उठली नाही. दुसऱ्या दुपारी दोघं हळू आवाजात बोलू लागली. यंत्रं बंद होती, तरी एकमेकांचं त्यांना कळत होतं.

तिसऱ्या सकाळी ठोके स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येऊ लागले. निखारे फाटकातून आत आले. गारव्यांनी जागा करून दिली. कुणी कुणाला ढकललं नाही.

कवच तडकलं. गारवीने दोन्ही हात पसरले.

पिल्लू बाहेर आलं. बुटकं, तांबूस खवल्यांचं. आपल्या सहा पायांवर डगमगत ते आईकडे निघालं.