लहरी जुळल्या

लग्नानंतर केतकी पहिल्यांदाच माहेरी आली होती. आईजवळ, शैलाताईंजवळ बसून मोड आलेले वाल सोलता सोलता ती गात होती, ‘आईच्या गं घरी बाई, वालालाही येतो मोड...’

फाटक वाजलं. तिला न्यायला आलेला तिचा नवरा हेरंब अंगणातूनच तिच्या ओवीत सूर मिसळू लागला, आणि दोघांचाही आवाज नाहीसा झाला. केतकीचे ओठ हलत होते. परातीत पडणाऱ्या वालांचा तेवढा टपटप आवाज येत होता.

शैलाताईंचे हात थांबले. लग्नाआधी लहरी जुळवण्याच्या केंद्रात दोघांच्या कानामागे चकत्या बसवल्या, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती.

“काकू, तुमची एनर्जी फार निगेटिव्ह आहे हं,” तिथली मुलगी हसून म्हणाली होती. “आता यांची फ्रिक्वेन्सी एकच!”

एका लहरीची चढण दुसरीच्या उतारात बसली की पाणी सपाट होतं, हे मात्र ती बोलली नव्हती.

हेरंब आत आला. “आई, आमच्या लहरी काय जुळल्यात म्हणून सांगू! घरात भांडणाचा आवाज म्हणून नाही.”

“केतके, जायचंय का गं तुला?” शैलाताईंनी विचारलं.

केतकीने तोंड उघडलं. त्याच क्षणी हेरंबही बोलू लागला. दोघं बोलत राहिली, आणि घर गप्प होतं.

शैलाताई उठल्या. वालाने बुळबुळीत झालेला तळहात त्यांनी जावयाच्या तोंडावर दाबून धरला.

केतकीची किंकाळी अर्ध्यातूनच ऐकू येऊ लागली. ती केव्हाची ओरडत होती.