घराची तीट

दामोदर साळवींनी स्वतः आराखडा काढून बांधलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर शेवटचा हात फिरवून इस्माईल मिस्त्री खाली उतरले, तेव्हा साळवींचा आनंद गगनात मावेना. महिनाभर त्यांनी या भिंतीची राखण केली होती. राखाडी गिलाव्याचे चार नमुने नापसंत केले होते आणि ओल्या गिलाव्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी व्याह्यांनाही, "हात लावू नका," असं बजावलं होतं.

"सुलभा, फोटो काढ."

बायको मोबाईल घेऊन रस्त्यापलीकडे गेली. "अहो, जरा मागे सरका."

साळवी कमरेवर हात ठेवून ऐटीत मागे सरकले आणि त्यांचं कोपर गिलाव्यात रुतलं.

मिस्त्रींनी वाकून खळगा पाहिला. "बुजवतो साहेब, पण डाग दिसणार. नाहीतर अख्खी भिंत खरवडायची."

वास्तुशांत चार दिवसांवर आली होती. साळवी मटकन पायरीवर बसले. "खरवडा."

"काही खरवडायचं नाही," हसू दाबत सुलभाताई म्हणाल्या. "बाळाला बाहेर नेताना गालावर काजळाची तीट लावतो ना आपण? एवढं देखणं घर रस्त्यावर उभं राहणार, त्याला नको?"

"लोक काय म्हणतील?"

"सांगा, बापानंच लावलीय."

वास्तुशांतीला पाहुणे आले. साळवींनी कुणालाच थेट आत नेलं नाही. आधी त्या खळग्यापाशी उभं करायचे आणि कौतुकानं म्हणायचे, "हात लावून बघा ना."