वाट्याची पानं

"रुपाली, आजपास्नं माझ्या चहात बी गोड तुळशीची दोन पानं टाक," कुसुमबाईनं गॅसपाशी उभ्या असलेल्या सुनेला सांगितलं.

रुपालीनं मान हलवली. पण ओसरीत खाटेवर बसलेल्या सटवाजीनं हातातला पेपर खाली घेतला.

"मग मला कशी पुरायची?"

नवरा थट्टा करतोय असं कुसुमबाईला वाटलं. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. काल परभणीला दवाखान्यात तो तिच्या शेजारीच बसला होता. आता तिलाही साखर निघाली, हे डॉक्टरनं दोघांसमोरच सांगितलं होतं.

"दोनच रोपं हायत," सटवाजी समजावल्यासारखं बोलला. "थंडीत पानं बी कमी यायलीत. तू फिका पी. बायांना व्हऊन जाती सवय."

"आबा बरोबर म्हणायलेत, माय," दारात बूट घालत परमेश्वर म्हणाला. "त्यांना फिका घशाखाली उतरत न्हाई. तुला काय, तू कसला बी पितीस."

लेकाचं बोलणं ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सटवाजीला साखर निघाली तेव्हा तिनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला होता. त्याच्यासमोर कुणी गोड खायचं नाही म्हणून नातवंडांनाही फिका चहा पाजला. त्या साली घरात पुरण शिजलं नाही. फिक्या चहाच्या कपाला हा माणूस तोंड लावून ठेवून द्यायचा नि दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. मग कृषी प्रदर्शनातून तिनं गोड तुळशीचं बी आणलं. स्टीव्हिया म्हणतात तिला; चहा गोड करते, पण रक्तातली साखर वाढवत नाही. तिळाहून बारीक, शेंड्याला केस असलेलं बी. फुंकर बसली तर उडून जाईल असं.

पहिल्यांदा तिनं ते मेथीसारखं मातीआड केलं. एकही उगवलं नाही. दुसऱ्या खेपेला उगवलं, पण पाणी जास्त झालं नि रोपं बुडातून कुजली. तिसऱ्यांदा तिनं बी एका डब्यातल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, तळहातानं दाबलं, वरून पारदर्शक पिशवी ताणून बांधली. ऊन सरकेल तसा तो डबा घरभर सरकवला. झारीनं बी वाहून जाईल म्हणून चिंधी भिजवून थेंब थेंब पिळलं. जगली ती दोन; ती कुंड्यांत लावली. उन्हाळ्यात झरी गाव तापलं तेव्हा कुंड्यांवर आपलं लुगडं ओलं करून टाकलं, शेजारच्या शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीचे काटे लावले. तेव्हा सटवाजी खाटेवरूनच म्हणायचा, "काय येड लागलंय हिला."

पुढं चहा गोड लागायला लागला, तसं देवगाव फाट्यावरच्या पाहुण्यालाही तो मिशीला पीळ देऊन सांगू लागला, "आमच्याकडं घरचं झाड हाय."

रुपालीनं चहा गाळला. एका कपात पानं घातलेला, एकात फिका. फिका कप तिनं सासूपुढं ठेवला. "मामी, मी..." ती म्हणाली आणि गाळणी धुवायला वळली.

कुसुमबाईनं कपाला हात लावला नाही. ती उठली, अंगणात कुंड्यांपाशी गेली. काटे बाजूला सारले. शेंड्याचं एक पान खुडलं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. उकिडवी बसून ती चावत राहिली, जनावर रवंथ करतं तशी, सावकाश.

"अगं, किती तोडायलीस?" सटवाजी खाटेवरून उतरला. चप्पल न घालताच तो अंगणात आला. "ठिव की काही."

"मोजू नका," ती म्हणाली. "लावताना मी मोजलं नव्हतं."

परमेश्वर दारातच उभा राहिला.

कुसुमबाईनं आणखी एक पान खुडलं. ते जिभेवर धरलं. आजवर तिनं या झाडाचं पान चाखलंच नव्हतं. सगळी पानं त्याची होती.

"लय गोड हाय," ती नवऱ्याकडं बघत म्हणाली. "तुमी कदी सांगितलं न्हाई."