गेलेल्याचा होकार

इस्पितळाच्या संगणक कक्षात तिनं स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं. यंत्रणेत शिरून कुणीतरी रुग्णांच्या फायली भराभर पुसत होतं. आणि ज्याच्या नावानं हे चाललं होतं, तो गेल्या महिन्यात अपघातात गेला होता. तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसायचा. तिला ‘ताईसाहेब’ म्हणून चिडवायचा.

“मॅडम, पेशंट टेबलावर आहे आणि त्याची फाईलच दिसत नाही!” भूलतज्ज्ञ दारातूनच ओरडले.

तिनं ते खातं तोडलं. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी नव्यानं केली, ऑपरेशन निभावलं. फायलीही राखीव प्रतीवरून परत आल्या.

ती मात्र जुन्या नोंदी चाळत बसली. तो गेला त्याच दिवशी त्याचं लॉगिन तिनं स्वतः बंद केलं होतं. एका पासवर्डनं सगळी दारं उघडायची, तशी ती एका फटक्यात बंदही झाली. मेल, रजा, फायली, सगळं. पण सबंध यंत्रणेवर हुकूम चालवणारं त्याचं दुसरं खातं त्या व्यवस्थेला जोडलेलंच नव्हतं. रडण्याच्या भरात तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

तरी एक गोष्ट उलगडेना. पासवर्ड चोरानं पळवला असेल. पण त्यानंतर त्या खात्याला मालकाच्या फोनवरून होकार लागायचा. आणि होकार आला होता. त्याच्याच फोनवरून.

ती तडक त्याच्या घरी गेली. दार त्याच्या आईनं उघडलं. फोन त्यांच्या मुठीतच होता.

“काकू, हा फोन कोण वापरतं?” तिचा आवाज नको तितका चढला.

“कुणी नाही गं. मी नुसता चार्ज करून ठेवते. आज सकाळपासून सारखा वाजत होता. त्याचं नाव यायचं, आणि खाली विचारायचा, ‘हे तुम्हीच आहात का?’”

“मग?”

“मी तसाच ठेवून दिला. पण थांबेचना. बटणं दोनच, ‘होय’ आणि ‘नाही’.” काकूंनी तळव्यानं काच पुसली. “‘नाही’वर बोट ठेववेना गं मला.”