टिकलीवरचं काजळ

अंगणवाडीच्या द्वारकाबाई धापा टाकत पाड्यावर पोहोचल्या, तेव्हा मंजुळाचं बाळ गोधडीवर मजेत पाय झाडत होतं. त्याच्या छातीवर चिकटवलेल्या, श्वास मोजणाऱ्या टिकलीनं मात्र सकाळीच अंगणवाडीत कळवलं होतं, की बाळाचा श्वास जाणवत नाही.

टिकलीवर काजळाचा जाड थर होता.

“परवाही हेच. माझे गुडघे काय सरकारनं दिलेत, मंजुळे?”

“दृष्ट लागू नये म्हणून लावलं, बाई.”

“छातीवर? खरं सांग.”

“टिकल्या आल्यापासून तुम्ही घरी येतच नाही. बाळाचं बिघडलं तरच येता. घरचे सगळे ऊसतोडीला गेलेत. माझा डोळा लागत नाही. काल हे रडायला लागलं, तर मी याला इथंच टाकून पार ओढ्यापर्यंत निघून गेले होते.”

द्वारकाबाई रागावणार होत्या, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी बाळ मांडीवर घेतलं आणि पदरानं काजळ पुसलं.

“पड जरा. मी आहे.”

मंजुळा पडल्या पडल्या झोपली.

पिशवीतला फोन बोलला, “बाळ ठणठणीत आहे. भेट संपली. परत या.”

“आईचं कुठं बघितलंय अजून,” बाई त्याला म्हणाल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या.